मिठाची ओळ

ज्या वर्षी दिल्लीतले जाणते लोक कोणती भाषा कोणत्या प्रांताला द्यावी याचे नकाशे आखीत होते, त्या वर्षी कुंभकोणमच्या मुकुंदराव भागवतांपाशी सगळ्या भाषा मिळून एकच शब्द उरला होता. दिल्लीला त्याची खबर नव्हती. तंजावरकडे अडीचशे वर्षे मराठी बोलली जाते याचीच जिथे खबर नव्हती, तिथे तिच्यातल्या एका शब्दाची कोठून असणार? कुंभकोणममध्ये मात्र तो शब्द लवकरच प्रसिद्ध झाला, आणि ही प्रसिद्धी म्हणजे मुकुंदरावांचे दुसरे दुखणे ठरले.

पहिले दुखणे आषाढी एकादशीला आले. मुकुंदराव मठात भजनाला उभे होते. तिथली रीत अशी की पुढे उभ्या असलेल्या गायकाने ओळ उचलायची, आणि ओळीचा शेवटचा शब्द आला की मागच्या मंडळींनी तो झेलून पुन्हा गायचा. याला झील धरणे म्हणतात. मुकुंदराव विशीपासून पुढे उभे होते. झील त्यांनी कधी धरली नव्हती, आणि जे धरीत त्यांच्याकडे ते तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे पाहावे तसे पाहात, म्हणजे आवश्यक वस्तू म्हणून. त्या दिवशी त्यांनी ओळ उचलली, ती अर्ध्यावर आली, आणि त्यांचे तोंड डावीकडे ओढले गेले. उजव्या हातातली चिपळी खाली पडली. मागच्या मंडळींनी जुन्या सवयीने, न आलेल्या ओळीचा शेवटचा शब्द बिनचूक झेलला. माणूस कोसळला आहे हे त्यांच्या ध्यानी यायला आणखी एक आवर्तन जावे लागले.

डॉक्टरांनी सांगितले की मेंदूतली एक वाहिनी बंद पडली आहे. पाय सुधारेल, हात थोडासा सुधारेल. वाचेविषयी विचारले तेव्हा ते छताकडे पाहू लागले. मुकुंदरावांना सारे समजत होते, ते छताकडे पाहणेसुद्धा. दारावरच्या भाजीवालीची तमिळ समजे, घरातली मराठी समजे, शास्त्र्यांचे संस्कृत समजे. फक्त आतून बाहेर येण्याची वाट बुजली होती.

आणि त्यांना बोलायचे होते. पुष्कळ नव्हे. मुलगी विजयलक्ष्मी, घरातली विजी, हिचे लग्न दुखण्याच्या आधीच तिरुनीलक्कुडीच्या सुंदरेशशी ठरले होते आणि आता ते माघात व्हायचे होते. कन्यादानाच्या वेळी बापाने मुलीचा हात हातात घ्यायचा, आपल्या तीन पिढ्यांची नावे उच्चारायची, आणि शेवटी म्हणायचे, ‘संप्रददे’, मी देतो. आईने त्या हातांवर पाण्याची धार धरायची. बाप नसेल किंवा असमर्थ असेल तर हे काम चुलत्याने करावे अशी शास्त्रात सोय आहे. सोय हा शब्द शास्त्राचा. मुकुंदरावांना तो मृत्युलेखासारखा वाटत होता.

उठून बसता येऊ लागल्याबरोबर त्यांनी प्रयत्न आरंभला, आणि त्यांच्या स्वभावाला शोभेल असाच आरंभला. स्नान करून, भस्म लावून, भिंतीकडे तोंड करून ते पाटावर बसत आणि संपूर्ण संकल्प पहिल्या अक्षरापासून म्हणायला जात. तोंड उघडे. गळ्याच्या शिरा फुगत. जात्यात खडा अडकावा तसा आवाज निघे, आणि मग डाव्या हाताची मूठ पाटावर आदळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अक्षरापासून. जो माणूस आयुष्यभर आरंभच करीत आला त्याला दुसरीकडून कोठून सुरुवात होऊ शकते हे सुचणार तरी कसे.

त्यांची पत्नी रुक्मिणीबाई हे स्वयंपाकघराच्या दारातून पाही. तिचे वडील मुकुंदरावांच्या वडिलांच्या मंडळीत झील धरीत. म्हणजे ती भोपळ्याची मुलगी होती.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती कच्ची केळी चिरीत बसली होती आणि स्वतःशीच एक पद गुणगुणत होती. ते मुकुंदरावांच्या आजोबांनी रचलेले, घराबाहेर कोणाला ठाऊक नसलेले साधे पद; त्याची प्रत्येक ओळ एकाच शब्दावर संपे.

‘दारी उभा कोण, थकला विठ्ठल. पाणी मागे कोण —’

इतक्यात चुलीवरचे दूध वर आले. ती ओळ तशीच टाकून फडके घेऊन धावली. पातेले उतरवले, आणि मग तिला जाणवले की ओळ लोंबकळत राहिलेली नाही.

“विठ्ठल,” झोपाळ्यावर बसलेले मुकुंदराव म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघत राहिली. रुक्मिणीबाईच्या हातात गरम पातेले होते हे तिला बऱ्याच वेळाने कळले.

शेजारच्या मीनाक्षीबाईला ते भिंतीपलीकडून ऐकू आले होते. दिवस मावळण्याआधी दारापुढच्या तिण्णईवर, म्हणजे ओट्यावर, बसायला जागा उरली नाही. मठातली मंडळी आली, पेठेतले व्यापारी आले, तमिळ शेजारणी हळदकुंकू घेऊन आल्या. देवाने भागवतांचे सगळे शब्द काढून घेतले आणि आपले नाव तेवढे ठेवले, हा अर्थ कोणी लावला ते सांगता येणार नाही. असे अर्थ नेहमी अनेकांना एकाच वेळी सुचतात, कारण त्यांना कष्ट पडत नाहीत. एका आजारी माणसाने दिवसामागून दिवस भिंतीशी बसून एक अक्षर ओढून काढण्याची धडपड केली, हे कोणाला पाहायचे नव्हते. साक्षात्कार मात्र सर्वांना हवा होता. त्यात पाहणाऱ्यालाही थोडा वाटा मिळतो.

अडचण इतकीच होती की मुकुंदरावांना जे जे म्हणायचे असे त्याचे तोंडातून ‘विठ्ठल’ होई. तहान लागली, विठ्ठल. पाठ खाजते, विठ्ठल. दार लावा, वारा येतो, विठ्ठल. लोक हात जोडीत आणि दार उघडेच राही.

मार्गशीर्षात धाकटा भाऊ व्यंकोजी पापनाशम्‌हून आला. तो मनाचा वाईट नव्हता. भावाच्या आजारात तो स्टेशनच्या फलाटावर उभा राहून रडला होता, हे पाहिलेले लोक आहेत. पण मोठ्या भावाच्या सावलीत उभे राहण्यात ज्याची पन्नास वर्षे गेली, त्याच्यावर एकदा ऊन पडले तर तो थोडा ताठ होणारच.

“वैनी,” तो पाट ओढून बसत म्हणाला, “व्याह्यांकडे जाऊन आलो. अगदी आनंदात आहेत. म्हणतात, साधुपुरुषाची मुलगी आमच्या घरी येत आहे. कन्यादान मी करतो. अण्णांस मंडपात उंच आसनावर बसवू. माळ घालू. लोक पाया पडतील.”

“त्यांस विचारले?”

“त्यांस काय विचारायचे? ते आता या गोष्टींच्या पलीकडे गेले.”

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. मुकुंदराव पुढे झुकले होते. डावा हात त्यांनी स्वतःच्या छातीवर आपटला, मग विजीकडे बोट दाखवले, मग पुन्हा छातीवर आपटला, आणि चेहरा लाल करून ओरडले, “विठ्ठल, विठ्ठल.”

व्यंकोजीने डोळे मिटून हात जोडले. “पाहा,” तो म्हणाला, “आशीर्वाद दिला.”

“भाऊजी,” रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाली, “ती शिवी होती.”

त्याच दिवशी जेवताना सांबारात मीठ पडले नव्हते. पाहुण्यांच्या धांदलीत राहून गेले. मुकुंदरावांनी एक घास घेतला, वर पाहिले आणि म्हणाले, “विठ्ठल.” वाढायला मदतीला आलेल्या मीनाक्षीबाईने पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्या भातावर आणखी एक पळी सांबार घातले. त्यांनी पुन्हा तोच शब्द म्हटला. आणखी एक पळी आली. खाली मान घालून त्यांनी तो अळणी भात शेवटच्या शितापर्यंत संपवला, आणि रुक्मिणीबाईने पाहिले की पानाच्या कडेला पाणी सांडलेले नव्हते, तरी तिथे दोन थेंब होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकोजीची गाडी गेल्यावर तिने पुढचे दार लावून घेतले. नवऱ्याच्या हातात कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला दिला, स्वतःचा घेतला, आणि झोपाळ्यासमोर पाट टाकून बसली. कापी आधी दिली, हे सांगायला हवे. बोलल्यावर मिळेल अशी अट तिने कधी घातली नाही. तसले शिक्षण पोपटाला देतात.

“अवो, ऐका,” ती म्हणाली. “तुम्ही रोज त्या डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून डोंगर गिळायला पाहता. ते राहू द्या. तुमच्या तोंडून जो शब्द आला तो कसा आला ते मज ठाऊक आहे. लोकांस नाही. ओळ मी उचलली होती. तुम्ही झील धरलीत.”

मुकुंदरावांच्या भुवया वर गेल्या.

“हो, झील. माझे बाप धरीत तीच. कमीपणा वाटला तर वाटू द्या, इथे तिसरे कोणी नाही. अप्पा सांगत, ओळ अशी सोडावी की समोरच्यास शेवटचा शब्द गिळताच येऊ नये. मी सोडते.”

आणि तिने आजोबांच्या त्याच चालीवर, त्याच लयीत, स्वयंपाकघराला साजेल अशा हलक्या आवाजात म्हटले,

‘सांबारात नाही, जराही ते —’

“विठ्ठल,” मुकुंदराव म्हणाले.

“तो नव्हे. तो असतोच,” ती म्हणाली. “जे नव्हते ते सांगा.”

पुन्हा तीच ओळ. पुन्हा विठ्ठल. तिसऱ्यांदा म्हणण्याआधी तिने पदराच्या गाठीतून मिठाचा खडा काढला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. ओळ आली, कडेपर्यंत गेली, थांबली. त्यांचे ओठ मिटले आणि मिटलेल्या ओठांमागे काही तरी घुमले.

“म्,” मुकुंदराव म्हणाले.

“पुरे,” म्हणून ती उठली.

त्यांनी डाव्या हाताने तिचा पदर धरला. आणखी हवे होते. आता, लगेच, सगळा शब्द, सगळे वाक्य, तीन पिढ्या हव्या होत्या. तिने बोटे एक एक करून सोडवली.

“आज म् पुरे. उद्याच्या कापीला उरलेले. हाव धरलीत तर म् सुद्धा जाईल.”

ती पेले विसळायला गेली. मागे झोपाळ्यावर एक मोठा भागवत बसून, कोणी ऐकत नाही असे समजून, हळूहळू म्, म्, म् करीत होता. ती ऐकत होती.

थोर कार्याचा आरंभ कसा करावा यावर पुष्कळ ग्रंथ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत आरंभी शंख वाजतो. हा आरंभ मिठाच्या खड्याएवढा होता आणि त्याची जगाला वार्ता नव्हती, हेच त्याचे बळ होते. काही दिवसांनी शब्द पुरा झाला. मग पुढची ओळ आली, तीही त्यांनी स्वतः कापीच्या पेल्याकडे बोट दाखवून निवडलेली: ‘तोंड पोळे माझे, कापी फार ऊन.’ मग, ‘पोट भरले हो, भात आता पुरे.’ नवी ओळ जुनी घट्ट बसल्याशिवाय येत नसे. जी बसली ती रुक्मिणीबाई पुढे अर्धीच म्हणे, मग फक्त चाल गुणगुणे, मग नुसते बघे. तेव्हा मुकुंदराव डाव्या हाताच्या बोटाने गुडघ्यावर ती लय धरीत, बोट शेवटच्या ठोक्यावर आले की शब्द बाहेर पडे. जणू ती ओळ आता त्यांच्या बोटात राहायला आली होती.

सगळेच काही सरळ गेले नाही. पौषात एकदा सर्दीने ते पडून होते तेव्हा मिळवलेले सगळे शब्द नाहीसे झाले आणि पुन्हा विठ्ठल तेवढा उरला. मुकुंदरावांनी भिंतीकडे तोंड फिरवले. रुक्मिणीबाईने दुसऱ्या सकाळी काही झालेच नाही अशा चेहऱ्याने पदराची गाठ सोडली आणि खडा काढला.

“म् पासून,” ती म्हणाली. “वाट ठाऊक आहे. या वेळी लवकर येऊ.”

आणि ती दोघे खरोखर लवकर आली.

गुपित मीनाक्षीबाईने फोडले. भिंत पातळ होती आणि तिचे कान भक्तिमान होते. एके दिवशी ती मागच्या दाराने आत आली.

“रुक्मिणी, मी ऐकले. आजोबांच्या पदात तू विठ्ठलाच्या जागी मीठ घातलेस?”

“घातले. कमी पडत होते.”

“थट्टा करू नकोस. देवाने त्यांस आपले नाव दिले, आणि तू ते पुसून ऊन, पुरे, मीठ शिकवतेस? उद्या त्यांच्या तोंडचे नाव गेले तर लोक काय म्हणतील?”

“लोकांपाशी त्यांची स्वतःची तोंडे आहेत. नाव त्यांनी घ्यावे.”

“अशाने पाप लागते, बाई.”

“अक्का,” रुक्मिणीबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, “मागे तुम्ही त्यांस अळणी भात पोटभर वाढलात. विठ्ठलाने खाल्ला असेल तर त्यास विचारा कसा लागला.”

मीनाक्षीबाई रागावून गेली, आणि तिने पापनाशम्‌ला निरोप धाडला. व्यंकोजी पुढच्या गाडीने आला. या खेपेला तो पाटावर बसला नाही.

“वैनी, तुम्ही काय करता हे मज कळत नाही असे नाही. पण मंडपात शंभर माणसे असतील. अण्णा उभे राहिले आणि तोंडून काही निघालेच नाही तर? आज ते साधू आहेत. त्या दिवशी मुके ठरतील. विजीच्या सासरचे बघत असतील. इतका मोठा माणूस, त्याची अशी शोभा मज पाहवणार नाही.”

हे मात्र तो मनापासून बोलला.

झोपाळ्यावर मुकुंदरावांचे बोट गुडघ्यावर हलू लागले. ठोका, ठोका, शेवटचा ठोका.

“पुरे,” ते म्हणाले.

व्यंकोजीने दोन्ही हात पुढे केले, मग मागे घेतले, आणि तो होता तिथेच जमिनीवर बसला. सहा महिन्यांत भावाने त्याला उद्देशून म्हटलेला, विठ्ठल सोडून, हा पहिला शब्द, आणि तो त्याला गप्प बसवणारा. बालपणापासून दोघांमध्ये हेच चालत आले होते. व्यंकोजीला इतके बरे फार दिवसांत वाटले नव्हते.

गोपालकृष्ण शास्त्री हे घराण्याचे पुरोहित. रुक्मिणीबाई त्यांच्याकडे स्वतः गेली आणि आपली योजना तिने सांगितली. शास्त्रीबुवांनी विड्याचे पान पुसत ऐकून घेतले.

“नावे मीच म्हणतो,” ते म्हणाले. “एरवीही मीच म्हणतो. मुलींचे बाप माझ्यामागून तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटतात आणि शास्त्र ते गोड मानून घेते. शेवटचा शब्द मात्र ज्याची मुलगी त्याचा. मी तिथे थांबेन. किती वेळ थांबायचे?”

“येईपर्यंत.”

“मुहूर्त?”

“मुहूर्त तुमच्या हातातला आहे, शास्त्रीबुवा. इतकी लग्ने लावलीत, कधी वेळेवर लावलेत?”

शास्त्रीबुवा हसले आणि पानाला चुना लावू लागले.

उरलेल्या सकाळी एकच ओळ होती. ती रुक्मिणीबाईने रचली, आणि रचताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला: ‘माझी लेक तुज, आज संप्रददे.’ शब्द अवघड होता. तो तुकड्यातुकड्याने, शेवटाकडून आला. आधी ‘दे’, मग ‘ददे’, मग पुढचे जोडाक्षर, ज्याने पुष्कळ छळले. विजी दारातून ऐके आणि आत जाऊन उगाच भांडी लावी.

लग्नाच्या दिवशी मंडप भरला होता. उंच आसन व्यंकोजीने मांडले होतेच, माळही आणली होती. मुकुंदराव त्याच्याकडे न पाहता पाय ओढीत वेदीपाशी गेले आणि पाटावर बसले. मठातली मंडळी पुढच्या ओळीत होती. त्यांना तो प्रसिद्ध शब्द ऐकायचा होता.

विजीचा हात बापाच्या दुबळ्या उजव्या हातावर ठेवला गेला. डाव्या हाताने त्यांनी तिचे मनगट धरले. रुक्मिणीबाई शेजारी पाण्याची झारी घेऊन उभी राहिली. शास्त्रीबुवांनी पणजोबा, आजोबा आणि बाप अशी नावे उच्चारली, मुलीचे नाव घेतले, आणि कडेशी येऊन थांबले.

सगळा मंडप थांबला. विजीला आपल्या मनगटावर बोटाचे हलके ठोके जाणवले. ती लय तिला पाठ होती.

“संप्रददे,” मुकुंदराव म्हणाले.

शब्द खडबडीत होता, मधल्या जोडाक्षराला अडखळलेला होता, आणि पूर्ण होता. झारीतून धार पडली. वराकडच्या मंडळींत कुजबुज झाली. पुढच्या ओळीतल्या काही भक्तांचे चेहरे किंचित उतरले. आजारी माणूस बरा होऊ लागल्याचे दुःख इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते.

हे तीनदा म्हणायचे असते. दुसऱ्यांदाही शब्द आला, थोडा उशिरा. तिसऱ्यांदा शास्त्रीबुवा थांबले तेव्हा मुकुंदरावांच्या कपाळावर घाम होता. बोट हलले, अडखळले, लय सुटली.

“विठ्ठल,” ते म्हणाले.

मंडपातून समाधानाचा एक लांब उसासा गेला. शंभर हात जुळले. मीनाक्षीबाईने डोळे पुसले. सनईवाल्यांना वाटले झाले; ढोलवाल्याने काठी उचलली.

मुकुंदराव मान हलवू लागले. नाही. नाही. त्यांच्या डोळ्यांत जे होते ते पाटावर मूठ आपटणाऱ्या त्या दिवसांचे होते. व्यंकोजी एक पाऊल पुढे आला. त्याचा हात भावाच्या खांद्यापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग त्याने तो हात वळवून ढोलवाल्याच्या काठीवर ठेवला.

“थांब,” तो म्हणाला. “अण्णांचे व्हायचे आहे.”

रुक्मिणीबाईने झारी तिरपी केली नव्हती. पाणी तिच्या तोटीच्या कडेशी येऊन उभे होते. ती किंचित वाकली आणि फक्त नवऱ्याला आणि मुलीला ऐकू जाईल इतक्या हळू ती चाल गुणगुणू लागली. शब्द नव्हते. नुसती चाल, कडेपर्यंत आणि कडेवर मोकळी सोडलेली, तिचे वडील सोडीत तशी. मुकुंदरावांच्या बोटाला लय सापडली नाही. तेव्हा विजीने आपले मनगट त्यांच्या पकडीत तसेच ठेवून, आपल्या बोटाने त्यांच्या तळहातावर ठोका धरला.

“दे,” मुकुंदराव म्हणाले. मग, “ददे.” मग डोळे मिटून, एकेक अक्षर जिभेवर ठेवून पाहात, “संप्रददे.”

पाणी पडले. शास्त्रीबुवांनी बोट वर केले आणि ढोलाचा गजर झाला, इतका मोठा की त्यात कोण रडले हे कोणाला ऐकू आले नाही.

जेवणाची पहिली पंगत दुपारी बसली. मुकुंदरावांच्या एका बाजूला नवे व्याही होते, आणि दुसऱ्या बाजूला मठातले एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम येऊन बसले होते. सकाळचा तो एकदाच ऐकायला मिळालेला शब्द पुन्हा ऐकावा म्हणून त्यांनी आपल्या पानाला अजून हात लावला नव्हता. रुक्मिणीबाई आतल्या दारात उभी होती. उपवासाने आणि उभे राहून तिचे पाय सुजले होते.

मुकुंदरावांनी सांबार भातात कालवले, डाव्या हाताने घास घेतला, आणि चघळत क्षणभर विचार केला. वृद्ध गृहस्थांनी हात जोडले. गुडघ्यावर बोट हलले नाही. दारातून कोणी गुणगुणले नाही.

“मीठ,” मुकुंदराव म्हणाले.

वाढणारी धावत आत गेली. व्याह्यांनी आपला घास चाखून पाहिला आणि मान डोलावली. मीठ खरोखरच कमी होते.